गलिव्हरच्या प्रवासामागील राजकारण

इंग्रजी शिकणाऱ्या प्रत्येक मुलाच्या वाचनांत केव्हां ना केव्हां एक चित्र येतें. समुद्रकांठच्या गवतावर एक धिप्पाड मनुष्य उताणा पडला आहे, त्याचे केंस आणि हातपाय बारीक दोऱ्यांनीं जमिनीस जखडले आहेत, आणि वीतभर उंचीचीं माणसें शिड्या लावून त्याच्या अंगावर चढत आहेत. चित्र मुलांना आवडतें, गोष्ट आवडते, आणि मुलगा मोठा झाला म्हणजे तें पुस्तक परीकथांच्या फळीवर जाऊन बसतें. ज्या ग्रंथाचा मजकूर मुद्रकानें खटल्याच्या भीतीनें बदलला, ज्याच्याबरोबरचें पत्र लेखकानें दुसऱ्याच्या हस्ताक्षरांत आणि खोट्या नांवानें पाठविलें, आणि ज्यांतील कांहीं परिच्छेद लेखकाच्या मरणानंतर दीडशें वर्षांहून अधिक काळ छापखान्याबाहेर राहिले, तो ग्रंथ बालवाङ्मयांत गणला जावा, हें एक नवलच आहे.

हें पुस्तक म्हणजे जोनाथन स्विफ्टचें 'गलिव्हरचे प्रवास'. तें लंडन येथें २८ ऑक्टोबर १७२६ रोजीं प्रसिद्ध झालें. त्यांत चार प्रवास आहेत : लिलिपुट हा बुटक्यांचा देश, ब्रॉब्डिंगनॅग हा राक्षसांचा, तिसऱ्यांत लापुटा नांवाचें आकाशांत तरंगणारें बेट, आणि चौथ्यांत शहाण्या घोड्यांचें राज्य. मनुष्यस्वभावावरील टीका म्हणून या ग्रंथाची योग्यता थोर आहेच. पण त्या टीकेचा मसाला इंग्लंड व आयर्लंड यांच्या १७१० ते १७२५ या पंधरा वर्षांच्या राजकारणाच्या पाट्यावर वाटलेला आहे. तो पाटा पाहिल्यावांचून चव कशाची हें कळत नाहीं.

स्विफ्टचा जन्म ३० नोव्हेंबर १६६७ रोजीं डब्लिन येथें झाला. आईबाप इंग्रज कुळांतले. बाप मुलाच्या जन्मापूर्वींच वारलेला. पेशानें तो धर्मोपदेशक, पण लेखणीचा खरा संचार राजकारणांत. १७१० सालीं इंग्लंडांत व्हिग पक्षाचें मंत्रिमंडळ कोसळलें आणि टोरी पक्षाचे रॉबर्ट हार्ली व हेन्री सेंट जॉन अधिकारावर आले. हेच पुढें अनुक्रमें ऑक्सफर्डचा अर्ल व व्हायकाउंट बोलिंगब्रोक झाले. स्विफ्ट तोंवर व्हिगांच्या बाजूचा समजला जाई. तो या नव्या मंडळींस मिळाला आणि त्यांचें 'एक्झॅमिनर' हें पत्र चालवूं लागला.

त्या वेळीं इंग्लंड स्पेनच्या वारशासाठीं फ्रान्सशीं लढत होतें. मार्लबरोच्या ड्यूकनें मोठमोठे विजय मिळविले होते, पण कर्जाचा डोंगरहि वाढला होता. स्पेनची गादी फ्रान्सच्या राजघराण्याकडून काढून घेतल्याशिवाय तह करूं नये, असें व्हिगांचें म्हणणें. युद्ध पुरे झालें, असें टोरींचें. १७११ च्या नोव्हेंबरांत स्विफ्टनें दोस्त राष्ट्रांच्या वर्तनावर एक पत्रक लिहून लोकमत तहाच्या बाजूस वळविलें आणि १७१३ मध्यें युट्रेक्टचा तह झाला. एवढ्या कामगिरीचें बक्षीस म्हणून इंग्लंडांत बिशपची जागा मिळेल अशी त्याची आशा होती. ॲन राणीची मर्जी नव्हती. डब्लिनच्या सेंट पॅट्रिक मंदिराचें डीनपद त्याच्या पदरीं पडलें, आणि ज्या गांवांतून तो आयुष्यभर बाहेर पडूं पाहात होता तेथेंच त्याला परत जावें लागलें.

१ ऑगस्ट १७१४ रोजीं राणी वारली. हॅनोव्हरहून पहिला जॉर्ज आला आणि त्याच्याबरोबर व्हिगहि परत आले. पदच्युत स्टुअर्ट घराण्याच्या वारसाशीं टोरी पुढाऱ्यांनीं संधान बांधलें असा संशय होता. चौकशीसाठीं गुप्त समिति नेमण्यांत आली आणि तिचा अध्यक्ष झाला रॉबर्ट वॉलपोल. बोलिंगब्रोक १७१५ सालीं फ्रान्सला पळाला. ऑक्सफर्ड पळाला नाहीं. त्याला लंडनच्या टॉवरमध्यें दोन वर्षें काढावीं लागलीं, आणि १७१७ मध्यें तो निर्दोष सुटला.

लिलिपुटचें सारें दरबारी नाटक या हकीकतीवर उभें आहे. त्या देशांत मंत्रिपदाची परीक्षा म्हणजे ताणलेल्या दोरीवर नाचणें. जो उंच उड्या मारूनहि पडणार नाहीं त्याला जागा. खजिनदार फ्लिम्नॅप या विद्येंत सर्वांहून निष्णात. पण एकदां तोहि पडला, आणि राजाची एक उशी खालीं पडलेली होती म्हणूनच त्याची मान वांचली. फ्लिम्नॅप म्हणजे वॉलपोल. उशी म्हणजे, बहुतेक भाष्यकारांच्या मतें, राजाची नाटकशाळा डचेस ऑफ केंडल. वॉलपोल १७१७ मध्यें अधिकारावरून उतरला होता. १७२१ मध्यें मुख्य प्रधान होऊन बसला तो १७४२ पर्यंत हालला नाहीं.

याच दरबारांत राजा एक काठी आडवी धरतो. मानकरी तिच्यावरून उड्या मारतात, खालून सरपटत जातात, आणि जे ही कसरत अधिक वेळ करतील त्यांना कमरेस बांधावयाला रेशमी धागा मिळतो : निळा, तांबडा किंवा हिरवा. हे गार्टर, बाथ आणि थिसल या तीन मानाच्या पदव्यांच्या फितींचे रंग होत. बाथची पदवी बंद पडली होती. ती वॉलपोलच्या प्रेरणेनें १७२५ सालीं पुन्हां चालू झाली. पैसा न खर्चितां माणसें बांधून ठेवण्याचा तो चांगला उपाय होता. खुद्द वॉलपोलनें बाथ त्याच वर्षीं घेतला व दुसऱ्या वर्षीं गार्टरहि मिळविला. आतां गंमत अशी कीं, १७२६ च्या पहिल्या आवृत्तींत हे धागे जांभळा, पिवळा व पांढरा असे छापले आहेत. खरे रंग १७३५ च्या डब्लिन आवृत्तींत आले. तीन शब्द बदलले कीं खटला टळतो, असा मुद्रकाचा साधा हिशेब.

लिलिपुटांतील उंच टांचांचा पक्ष टोरी आणि बुटक्या टांचांचा व्हिग, हें उघडच आहे. राजा बुटक्या टांचांवर प्रसन्न. युवराजाची मात्र एक टांच दुसरीहून उंच, म्हणून तो लंगडत चालतो. हा प्रिन्स ऑफ वेल्स दोन्ही पक्षांना आशा लावून होता. पुस्तक निघाल्यावर आठ महिन्यांच्या आंत तो दुसरा जॉर्ज म्हणून गादीवर बसला, आणि वॉलपोललाच त्यानें कायम केलें. अंडें कोणत्या टोंकानें फोडावें यावरून पडलेले तट म्हणजे कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट. या भांडणांत एका राजाचा प्राण गेला व दुसऱ्याचा मुकुट, असें स्विफ्ट सांगतो, तेव्हां १६४९ सालीं शिरच्छेद झालेला पहिला चार्ल्स आणि १६८८ सालीं पळून गेलेला दुसरा जेम्स हे वाचकाच्या डोळ्यांपुढें उभे राहतात. अंड्यावरून लढणारें शेजारचें ब्लेफुस्कू हें फ्रान्स.

गलिव्हर ब्लेफुस्कूचें आरमार दोऱ्यांनीं ओढून आणतो. राजाला तेवढ्यानें समाधान नाहीं. त्याला शत्रूचें सारें राज्य आपला सुभा करून हवें आहे. गलिव्हर नाहीं म्हणतो, आणि त्या दिवसापासून त्याचा घात ठरतो. युट्रेक्टच्या तहाची कैफियत याहून थोडक्यांत कोणीं मांडलेली नाहीं. गलिव्हरवर जें आरोपपत्र तयार होतें त्याची भाषा १७१५ सालीं ऑक्सफर्ड व बोलिंगब्रोक यांच्यावर आणलेल्या आरोपांच्या थाटाची आहे. शिक्षा काय ठरते? त्याचे डोळे काढावे, आणि हें करतांना राजाच्या दयाळूपणाचे गोडवे गावे. अशा दयेची वार्ता कळतांच गलिव्हर ब्लेफुस्कूला निघून जातो. बोलिंगब्रोकनेंहि दुसरें काय केलें होतें?

येथें एक सावधगिरी हवी. सर चार्ल्स फर्थ या इतिहासकारानें १९१९ सालीं या ग्रंथाच्या राजकीय अर्थावर एक व्याख्यान दिलें, आणि तेव्हांपासून प्रत्येक बुटक्याच्या कपाळीं कोणा ना कोणा सरदाराचें नांव चिकटविण्याची हौस फार वाढली. गलिव्हर हा कधीं बोलिंगब्रोकसारखा दिसतो, कधीं ऑक्सफर्डसारखा, तर कधीं चक्क स्विफ्टसारखा. कुलुपास किल्ली बसते म्हणून साऱ्या वाड्यास तीच बसेल, हा आग्रह व्यर्थ होय.

लिलिपुटांत निघालें तें जुन्या पराभवाचें उट्टें. राक्षसांच्या देशांतील राजाचे इंग्लंडविषयींचे प्रश्न आणि घोड्यांचा शहाणपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यांत व्यक्तींपेक्षां मनुष्यजातीचाच समाचार अधिक. तिसरा प्रवास मात्र ताज्या लढाईवर लिहिलेला आहे, आणि ती लढाई इंग्लंडांतली नव्हे, आयर्लंडांतली. वाङ्मयाचे परीक्षक या भागाला चौघांत दुबळा म्हणतात. कथेच्या दृष्टीनें तें खरें असेल; इतिहासाच्या दृष्टीनें ग्रंथाचें मर्म येथेंच आहे.

आयर्लंडला स्वतःचें पार्लमेंट होतें, पण तें नांवाचें. १६९९ सालीं लंडनच्या पार्लमेंटानें कायदा करून आयरिश लोकरी कापड इंग्लंडखेरीज अन्य देशांत पाठविण्यास मनाई केली. आणि इंग्लंडांत त्यावर जकात एवढी जबर कीं तेथेंहि तें खपूं नये. १७२० सालीं, म्हणजे इकडे पहिल्या बाजीरावास पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं त्याच वर्षीं, आयर्लंडला बांधून टाकणारे कायदे करण्याचा आपला हक्क लंडननें कायद्यानेंच जाहीर केला. स्विफ्टनें लागलीच निनांवी पत्रक काढलें : आयरिश लोकांनीं इंग्रजी कापड टाकून आपल्या देशाचेंच वापरावें. पुण्यास सार्वजनिक काकांनीं स्वदेशीचा आग्रह धरला त्याच्या दीडशें वर्षें आधींची ही गोष्ट. लेखक सांपडला नाहीं, म्हणून एडवर्ड वॉटर्स या मुद्रकावर खटला झाला. ज्यूरीनें त्याला निर्दोषी ठरविलें. मुख्य न्यायाधीश व्हिटशेड यानें ज्यूरीला नऊ वेळां परत पाठविलें, तेव्हां थकून त्यांनीं निर्णय त्याच्यावर सोंपविला. पुढें खटला सोडून द्यावा लागला, परंतु कोणाच्या मानेवर सुरी येते हें डब्लिनच्या छापखानेवाल्यांस तेव्हांच कळून चुकलें.

मग तांब्याचें प्रकरण निघालें. १७२२ सालीं आयर्लंडसाठीं तांब्याचीं नाणीं पाडण्याची सनद विल्यम वुड नांवाच्या वुल्व्हरहॅम्प्टनच्या लोखंडाच्या कारखानदारास मिळाली. सनद मूळ मिळाली होती डचेस ऑफ केंडलला. वुडनें ती १०,००० पौंडांस विकत घेतली. मुदत १४ वर्षांची, तांबें ३६० टन, आणि एका रत्तलाचे ३० पेन्स पाडावयाचे. हिशेब केला तर १,००,८०० पौंडांचीं नाणीं होतात. खुद्द इंग्लंडांत त्याच रत्तलाचे २३ पेन्स पाडीत. आयर्लंडांत सुट्या नाण्यांची टंचाई होती, हें नाकारतां येत नाहीं. पण एवढीं नाणीं हवीं कीं नकोत हें तेथील पार्लमेंटास कोणीं विचारलें नव्हतें. १७२३ सालीं त्या पार्लमेंटाच्या दोन्ही सभागृहांनीं तक्रार केली. तिचा उपयोग झाला नाहीं.

१७२४ च्या आरंभीं डब्लिनच्या दुकानांतून एका कापडवाल्याचीं पत्रें विकावयास आलीं. सहीच्या जागीं फक्त दोन अक्षरें. भाषा बाजाराची, उदाहरणें शेतकऱ्याला व दुकानदाराला कळणारीं : हें नाणें चाललें तर किरकोळ खरेदीलाहि घोड्यावर ओझें लादून जावें लागेल, अशा थाटाचीं. यांत अतिशयोक्ति पुष्कळ होती. सर आयझॅक न्यूटन त्या वेळीं टांकसाळीचा मुख्य होता. त्यानें नमुन्याचीं नाणीं पारखलीं व करारास उतरतात असा निर्वाळा दिला. पण नाणें खरें कीं खोटें हा वाद मागें पडला. ऑक्टोबरांत निघालेल्या चौथ्या पत्रांत कापडवाल्यानें उघडच विचारलें कीं, आयर्लंडचे लोक इंग्लंडच्या लोकांइतकेच स्वतंत्र आहेत कीं नाहींत? प्रश्न तांब्याचा नव्हता, संमतीचा होता.

नवा लॉर्ड लेफ्टनंट कार्टरेट नुकताच येऊन उतरला होता. लेखकाला पकडून देणारास ३०० पौंडांचें इनाम त्यानें जाहीर केलें. हा कार्टरेट स्विफ्टचा जुना स्नेही, आणि कापडवाला कोण हें साऱ्या डब्लिनला ठाऊक. तरी इनाम घ्यावयास एकहि मनुष्य पुढें आला नाहीं. उलट बायबलांतील योनाथानला लोकांनीं मरणापासून सोडविल्याचें वचन गांवांत तोंडोंतोंडीं झालें. स्विफ्टचें नांव जोनाथन हें सांगावयास नकोच. मुद्रक जॉन हार्डिंग मात्र तुरुंगांत गेला. व्हिटशेडनें ज्यूरीपुढें प्रकरण ठेविलें, ज्यूरीनें आरोप मान्य केला नाहीं, त्यानें रागानें ज्यूरी बरखास्त केली. नव्या ज्यूरीनें तर वुडच्याच नाण्यांना दोष दिला. १७२५ सालीं सनद रद्द झाली. वुडला भरपाई म्हणून आठ वर्षें दरसाल ३,००० पौंडांचें पेन्शन देण्यांत आलें. हार्डिंगला भरपाई कोणीं दिली नाहीं. त्याच वर्षीं तो वारला. पुढें १७२९ मध्यें आयर्लंडच्या दारिद्र्यावरील स्विफ्टचा तो प्रसिद्ध आणि भयंकर उपरोधाचा लेख छापला, तो हार्डिंगच्या विधवेनें, सारा हार्डिंगनें.

स्विफ्टची थोरवी सांगतांना त्याची मर्यादाहि सांगितली पाहिजे. बहुसंख्य कॅथलिक रयतेला तेव्हां जमीन विकत घेण्याचा हक्क नव्हता, पार्लमेंटांत जागा नव्हती. तो अन्याय दूर करण्यासाठीं या डीननें लेखणी उचलली नाहीं. त्याचें झुंजणें मुख्यतः आपल्या प्रॉटेस्टंट आयर्लंडच्या हक्कांसाठीं होतें. आणि तरीहि त्याचे शब्द त्याच्या मनांतल्या कुंपणापलीकडे ऐकूं गेले.

स्विफ्टनें चार्ल्स फोर्ड या मित्रास लिहिलेलीं पत्रें १९३५ सालीं प्रसिद्ध झालीं, त्यांवरून एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध झाली. पुस्तकांतील तिसरा प्रवास लिहिला गेला तो चौथ्याच्याहि मागून, १७२४-२५ मध्यें, म्हणजे ऐन तांब्याच्या धामधुमींत. मग त्या प्रवासांत काय आहे? लापुटा हें बेट लोहचुंबकाच्या बळावर हवेंत तरंगतें, आणि त्यावर राहणारा राजा खालच्या बाल्निबार्बी देशावर राज्य करतो. प्रजेनें कर दिला नाहीं किंवा बंड केलें तर बेट त्या गांवावर आणून उभें करावयाचें. म्हणजे ऊन नाहीं, पाऊस नाहीं. वरून धोंडे टाकावयाचे. अखेरचा उपाय म्हणजे बेटच खालीं सोडून गांव चिरडणें. पण त्याला मंत्री सहसा राजी नसतात, कारण त्यांच्या जमिनी खालीं आहेत. आयर्लंडच्या कुळांचा खंड घेऊन लंडनमध्यें चैन करणारे जमीनदार याहून नेमके कसे दाखवावे? शिवाय बेटाचा तळ फुटण्याची धास्ती असतेच.

या प्रकरणांतच लिंडालिनो नगराच्या बंडाची हकीकत आहे. नांवांत 'लिन' दोनदां येतें. दुहेरी लिन म्हणजे डब्लिन. नगरच्या लोकांनीं चार कोंपऱ्यांवर चार मनोरे उभारले, त्यांच्या माथ्यावर लोहचुंबक बसविले, आणि वेळ आलीच तर बेटाचा तळ फोडण्यासाठीं ज्वालाग्राही पदार्थांचा सांठा करून ठेविला. राजानें ऊन-पाऊस तोडला, धोंडे टाकले. लोक नमले नाहींत. बेट खालीं आणूं लागले तों मनोऱ्यांची ओढ लागून तें आवरेना. राजाला नगराच्या सर्व अटी मान्य कराव्या लागल्या. बेट आणखी खालीं आलें असतें तर तें कायमचें जखडून राजास व त्याच्या सेवकांस ठार मारावयाचें आणि राज्यपद्धतीच बदलावयाची, असा नगरवासीयांचा निश्चय होता, असेंहि पुढें सांगितलें आहे. ज्वालाग्राही पदार्थ म्हणजे कापडवाल्याचीं पत्रें, असें भाष्यकार म्हणतात. रूपकाचा पडदा येथें इतका विरळ झाला आहे कीं त्यांतून राजद्रोह सरळ दिसतो.

१७२६ च्या वसंतांत स्विफ्ट हस्तलिखित घेऊन लंडनला आला. एप्रिलमध्यें तो वॉलपोलला भेटला, आयर्लंडचीं दुःखें सांगितलीं, आणि रिकाम्या हातीं परतला. ऑगस्टमध्यें बेंजामिन मॉट या प्रकाशकास रिचर्ड सिंप्सन अशा सहीचें पत्र आलें : माझ्या चुलतभावाचे प्रवास छापावे, मोबदला २०० पौंड. पत्राचें हस्ताक्षर स्विफ्टचा मित्र, कवि जॉन गे याचें. पुढें अंधारांत एक भाड्याची घोडागाडी मॉटच्या दाराशीं थांबली व पुस्तकाचें बाड तेथें टाकून निघून गेली. छापून होण्यापूर्वीं स्विफ्ट डब्लिनला पोंचलाहि होता.

पहिली खेप आठवड्याच्या आंत खपली. पण मॉटनें एका धर्मोपदेशक स्नेह्याकडून मजकूर सौम्य करून घेतला होता, असें मानतात. धाग्यांचे रंग त्यांतलेच. दुसरा फेरफार याहून मोठा. १७२३ सालीं रॉचेस्टरचा बिशप ॲटरबरी यास राजद्रोहाबद्दल देशांतून घालवून दिलें होतें. पुरावा म्हणजे पकडलेलीं सांकेतिक पत्रें, आणि त्यांत उल्लेखिलेलें एक लंगडें कुत्रें. टपाल फोडून त्यांतून कट निर्माण करणाऱ्या या विद्येवर स्विफ्टनें ट्रिब्निया व लँग्डेन या देशाच्या नांवानें कोरडे ओढले होते. इंग्रजी अक्षरें फिरवून लावलीं कीं ब्रिटन आणि इंग्लंड हीं नांवें निघतात. मॉटनें हीं नांवें गाळलीं, आणि असा एखादा देश असलाच तर, अशा कल्पनेच्या भाषेंत तो मजकूर छापला. स्विफ्ट चिडला, फोर्डनें दुरुस्त्यांची यादी पाठविली. तथापि बराच मूळ मजकूर १७३५ मध्यें डब्लिनच्या जॉर्ज फॉकनरनें छापला तेव्हांच उजेडांत आला.

लिंडालिनोचें बंड मात्र फॉकनरनेंहि छापलें नाहीं. नाणीं जाऊन दहा वर्षें झालीं होतीं, तरी वॉलपोल अधिकारावर होता, आणि छापखाना डब्लिनमध्येंच होता. स्विफ्ट आणि वॉलपोल दोघेहि १७४५ या एकाच वर्षीं वारले. फोर्डनें आपल्या प्रतींत कोरीं पानें घालून गाळलेला मजकूर हातानें लिहून ठेविला होता. ती प्रत फिरत फिरत जॉन फॉर्स्टरच्या संग्रहांतून लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील संग्रहालयांत गेली. तिच्यावरून हे परिच्छेद प्रथम छापून निघाले ते १८९९ सालीं. डब्लिनवर त्या वेळीं लंडनचेंच राज्य होतें.